कोळी, विंचू, गोचीड, मृगाचा किडा: सातारा-सांगलीत अष्टपाद ओळखायचे कसे

द्राक्षाच्या पानाखाली लाल कोळी दिसला आणि दुकानातून मावा-तुडतुड्यांवरचं औषध आणून फवारलं, तर बहुतेक वेळा कोळी मरत नाही. मरतात ते त्याला खाणारे जीव, आणि बाग आणखी पिवळी पडते. तासगाव-मिरज पट्ट्यातल्या जुन्या बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. लाल कोळ्याला कोळीनाशक लागतं, कीटकनाशक नव्हे, हे तो अनुभवानं शिकलेला असतो. शाळेत कंटाळत पाठ केलेलं वर्गीकरण असं खिशापर्यंत येऊन पोचतं. हा कोळी कीटक नाही. गोचीड, विंचू आणि जाळ्यातला कोळी यांच्या भाऊबंदांतला तो आहे, म्हणजे अष्टपाद.

अष्टपाद बघायला आपले दोन जिल्हे फार सोयीचे आहेत. पश्चिमेला महाबळेश्वर, कास, कोयना, चांदोली हा धो धो पावसाचा घाटमाथा. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा कायम आभाळाकडं डोळे लावून बसलेला माळ. मधे कृष्णाकाठचा ऊस, हळद आणि द्राक्ष. तिन्हीकडचे जीव वेगळे.

जगात अष्टपादांच्या एक लाखाहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांत निम्म्याच्या आसपास नुसते कोळी. कोळ्यांच्या जागतिक यादीनं २०२२ साली ५०,०००चा आकडा गाठला. एवढ्या जाती तज्ज्ञालाही पाठ नसतात. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी वर्ग, मग गण, मग कुल, आणि कुलावर थांबावं लागलं तर खुशाल थांबायचं. मोबाइलवर फोटो टाकून थेट जातीचं नाव मागणाऱ्यांना नाव मिळतं, पण पुढच्या पावसाळ्यात तोच कोळी दिसला की त्यांना परत फोटोच टाकावा लागतो.

बरोबर काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, सोनाराकडं असतं तसलं. डोक्याला बांधायची बॅटरी. सपाट तळाची पारदर्शक डबी, चित्रकलेचा मऊ ब्रश, पाणी फवारायची छोटी बाटली, सहा इंची पट्टी, वही. विंचू बघायचे असतील तर अतिनील बॅटरी. ३९५ नॅनोमीटरची स्वस्त बॅटरी सुरुवातीला पुरते, ३६५ची घेतली तर जांभळा उजेड कमी आणि विंचू जास्त दिसतो.

एक छत्रीही घ्या, आतून पांढरं कापड लावून. झुडपाखाली ती उलटी धरायची आणि वरची फांदी काठीनं दोनदा झटकायची. छत्रीत जे पडतं ते बघून नवखा माणूस चाट पडतो. त्याच झुडपावर नुसत्या डोळ्यांनी त्याला काहीच दिसलेलं नसतं.

पायांत बूट, अंगात लांब पँट. चप्पल घालून माळावर रात्री हिंडू नये, एवढं एकच बंधन मी सक्तीनं पाळायला सांगतो.

पहिली पायरी: हा अष्टपाद आहे का?

पाय मोजा. आठ पाय, डोक्यावर मिशा नाहीत, पंख नाहीत: अष्टपाद. सहा पाय आणि मिशा असल्या तर कीटक. म्हणजे पिसू, ऊ, ढेकूण, मुंगी हे सगळे बाहेर गेले. गोम, घोण आणि वाणी यांना पायांची रांगच असते, तेही बाहेर.

मोजताना काही ठिकाणी फसगत होते. प्रत्येक अष्टपादाला पायांच्या पुढं अवयवांच्या आणखी दोन जोड्या असतात. पहिली तोंडाजवळची, सुळ्यांची किंवा चिमट्यांची. दुसरी जोडी म्हणजे पेडीपाल्प. कोळ्यात हे पेडीपाल्प छोट्या हातांसारखे दिसतात, विंचवात त्यांचेच मोठे चिमटे झालेले असतात. उंट-कोळ्यात ते इतके लांब असतात की प्राणी दहा पायांचा वाटतो. उलटी फसगत गोचिडात होते. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या गोचिडाच्या आणि माइटच्या (म्हणजे लाल कोळ्यासारख्या बारीक अष्टपादाच्या) पिल्लाला सहाच पाय असतात. चौथी जोडी पहिल्या कातीनंतर येते.

आणि मुंगीचं सोंग घेणारे कोळी. आंब्याच्या किंवा जांभळाच्या पानावर एखादी काळी मुंगी जरा जास्तच थबकत, मागं वळून बघत चालताना दिसली तर भिंग लावा. ती पुढचे दोन पाय हवेत धरून मिशा असल्याचं नाटक करते. हवेतले दोन धरून पाय आठ भरले, समोर दोन मोठे डोळे दिसले, की मुंगीचं पितळ उघडं पडलं.

दुसरी पायरी: कंबर बघा

गण ठरवायला रंग कामाचा नाही, कंबर कामाची. अष्टपादाच्या शरीराचे दोन भाग: डोकं आणि छाती एकत्र झालेलं शिरोवक्ष, आणि मागचं उदर. हे दोन कसे जोडलेत ते पाहायचं.

मधे बारीक देठ, उदर गुळगुळीत आणि वळ्या नसलेलं, टोकाला तंतू सोडणारी बोंडं: कोळी. कंबर नाही, उदरावर वळ्या, मागं पाच पेरांची शेपटी आणि टोकाला नांगी: विंचू. सगळं शरीर एकाच गोळ्यात, वळ्या जेमतेम दिसतात, पाय केसासारखे बारीक आणि अवाढव्य लांब: हार्वेस्टमन. शरीर एकाच गोळ्यात आणि वळ्या अजिबात नाहीत: गोचीड किंवा माइट.

हार्वेस्टमनला लोक सर्रास कोळी म्हणतात. कोयनेच्या जंगलात ओल्या खडकावर त्यांचे थवे लटकलेले असतात आणि हात जवळ नेला की सगळा थवा थरथरतो. त्याला रेशीम नाही, विष नाही, डोळेही दोनच, पाठीवरच्या एका उंचवट्यावर. कोळी भक्ष्य बाहेरच पातळ करून शोषतो. हार्वेस्टमन मात्र चक्क तुकडे गिळतो.

तिसरी पायरी: कोळी, डोळ्यांवरून आणि जाळ्यावरून

आधी थोडं शरीराच्या आत. कोळ्याच्या रक्तात लोहाऐवजी तांब्यावर चालणारं हिमोसायनिन असतं, त्यामुळं ते निळसर. श्वास पुस्तक-फुप्फुसांनी, म्हणजे पानांवर पानं रचल्यासारख्या पडद्यांनी. बऱ्याच कोळ्यांना जोडीला हवेच्या नळ्याही असतात. पाय आखडायला स्नायू आहेत, पण मुख्य सांधे सरळ करायला नाहीत. तिथं रक्ताचा दाब काम करतो, जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उघडतो तसा. म्हणूनच मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी आवळलेले सापडतात: दाब गेला, आखडणारे स्नायू उरले.

आता ओळख. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात आणि त्यांची मांडणी कुलागणिक ठरलेली. सुरुवात घरातूनच करा. सकाळी उन्हं आलेल्या खिडकीच्या चौकटीवर करड्या रंगाचा, नखाएवढा, झटक्यानं उडी मारणारा कोळी सापडतोच. त्याच्या समोर भिंग धरा. तो पळत नाही, उलट तुमच्याकडं वळून बघतो. पुढं दोन मोठे गोल डोळे, शेजारी दोन लहान, बाकीचे चार डोक्याच्या बाजूंना. जरा वेळ भिंग स्थिर ठेवलं तर मोठ्या डोळ्यांच्या आत काळा रंग सरकून तपकिरी होताना आणि परत काळा होताना दिसतो. भिंग जागचं हललेलं नसतं. डोळ्याच्या नळीच्या आतला पडदा तो इकडंतिकडं फिरवतोय, तुम्हाला निरखतोय. हे साल्टिसिडी कुल, कोळ्यांतलं सगळ्यात मोठं. शिकारीला ते जाळं विणत नाहीत. उडी मारण्यापूर्वी मात्र मागं एक तंतू चिकटवून ठेवतात.

रात्री भिंतीवर तळहाताएवढा, चपटा, खेकड्यासारखा आडवा पळणारा दिसतो तो हंट्समन. आठ डोळे दोन ओळींत, चार-चार. मादी पोटाखाली पांढरी चपटी चकती धरून फिरते, ती अंड्यांची पिशवी. घरातली झुरळं हाच मारतो. केरसुणी उचलण्याआधी एवढं लक्षात घ्या.

छताच्या कोपऱ्यात लांब पायांचा, विस्कटलेल्या जाळ्यात उलटा लटकलेला, फुंकर मारली की गरगर हलणारा कोळी फोल्सिडी कुलातला. याची मादी अंडी चक्क तोंडात धरून ठेवते. दिवाळीत जळमटं काढताना जाळ्यात नीट बघा. अंड्यांचा पारदर्शक घोस दिसेल.

शेतात आणि माळावर लांडगा-कोळी. डोळे तीन ओळींत: खाली चार बारीक, वर दोन मोठे, त्यामागं दोन. रात्री बॅटरी कपाळाला लावून गवतावर नजर टाका. जमिनीवर हिरवट ठिपके चमकतील. चमक दवबिंदूची असेल तर मान हलवताच विझते, कोळ्याची टिकून राहते. जवळ गेलात आणि एका ठिपक्याभोवती बारीक बारीक पुष्कळ ठिपके दिसले तर ती पाठीवर पिल्लं घेतलेली मादी. पिल्लं होण्याआधी अंड्यांची पिशवी ती उदराच्या टोकाला, बोंडांना चिकटवून ओढत नेते. हंट्समन पोटाखाली, लांडगा-कोळी शेपटाशी: एवढ्या फरकावरही कुल सांगता येतं.

आंब्याच्या किंवा बाभळीच्या खोडावर सालीच्याच रंगाचा, मागं दोन लांब शेपट्या असलेला कोळी म्हणजे हर्सिलिया. त्या शेपट्या नव्हेत, लांबलेली बोंडं आहेत. मुंगी किंवा माशी जवळ आली की तो तिच्याभोवती गोल गोल धावत तिला तंतूनं खोडालाच बांधून टाकतो. डोळे कोळ्याच्या अंगावर न ठेवता खोडावर ठेवा. हलला की दिसतो, नाहीतर हाताखाली असूनही नाही.

जाळं हा कोळ्याचा दुसरा पुरावा, आणि कित्येकदा जास्त भरवशाचा. पहाटे दव पडलेलं असताना निघा. दव नसेल तर बाटलीनं हलकं पाणी फवारा. पीठ किंवा पावडर टाकू नका, चिकट जाळं त्यानं कायमचं वाया जातं.

बांधावरच्या गवतात सपाट चादर आणि एका कोपऱ्यात नळी असेल तर तो हिपासा. लांडगा-कोळ्यांच्या कुलातला असूनही जाळं विणणारा. घायपात किंवा निवडुंगावर तंबूसारखं उभारलेलं बारीक विणीचं जाळं सायर्टोफोराचं. त्या तंबूच्या वरच्या दोरखंडांत चांदीच्या थेंबाएवढे कोळी दिसले तर ते मालक नव्हेत. ते आर्जायरोडीस, दुसऱ्याच्या जाळ्यातलं खाऊन जगणारे फुकटे.

चाकासारखं गोल जाळं आणि मधे पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली: आर्जिओपे. फुलीच्या चार रेघांवर तो दोन-दोन पाय जोडीनं ठेवून बसतो. ही फुली कशासाठी, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. भक्ष्याला भुलवायला, पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून, की शत्रूला चकवायला, तिन्ही बाजूंनी पुरावे दिले जातात.

महाबळेश्वर-कोयनेच्या झाडीत पावसाळ्याच्या शेवटाला दोन झाडांच्या मधे पिवळसर सोनेरी तंतूंचं प्रचंड जाळं दिसतं, ते नेफिलाचं. मधे बसलेली हाताच्या पंजाएवढी मादी सगळ्यांना दिसते. जाळ्याच्या वरच्या भागात काही मिलिमीटरचा, तपकिरी, कुणीही लक्ष देणार नाही असा जो जीव फिरतो तो तिचा नर. नर ओळखायची खूण सगळ्याच कोळ्यांत एक: पेडीपाल्पची टोकं फुगलेली. तिथं तो वीर्य साठवतो. टोकं फुगीर नसतील तर मादी किंवा पिल्लू. पिल्लाची जात सांगायच्या फंदात पडूच नका.

पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात, आटपाडी-जतकडं, बाभळीवर, बोरीवर आणि तारेच्या कुंपणावर मळकट, पालापाचोळा अडकलेला लोंबता गोळा दिसतो. लोकांना वाटतं, जुनं टाकून दिलेलं जाळं. ते स्टेगोडायफस, समूहानं राहणारा कोळी. काडीनं जाळं जरा थरथरवा; गोळ्याच्या भोकांतून एकामागून एक कोळी बाहेर येतील. यांच्या तंतूला गोंद नसतो, अतिबारीक धाग्यांची लव असते आणि कीटकाचे पाय त्यात गुंततात. पिल्लं मोठी होताना शेवटी आयांनाच खातात.

गोल जाळं विणताना बघायचं असेल तर संध्याकाळी दिवेलागणीला विजेच्या खांबाजवळ किंवा तुळशीवृंदावनामागं थांबा. निओस्कोना नावाचा तपकिरी कोळी अंधार पडता पडता काम सुरू करतो. आधी आडवा पूल, मग आऱ्या, मग मधून बाहेर जाणारा विरळ, न चिकटणारा फेरा. तो फक्त परांची. त्यावर पाय ठेवत तो बाहेरून आत चिकट फेरे घालत येतो आणि येताना परांची काढून टाकतो. बऱ्याच वेळा पहाटे सगळं जाळं खाऊन टाकून त्याच प्रथिनांचं रात्री नवं विणतो.

चौथी पायरी: विंचू

विंचू दिवसा शोधू नका. दगड उलटायचा मोह सगळ्यांना होतो, पण दगडाखालची ओल एकदा मोडली की तिथले जीव पुन्हा नीट बसत नाहीत. उलटलाच तर आपल्याकडून पलीकडं नव्हे, आपल्याकडं ओढून, म्हणजे दगडाची आड तुमच्या पायाला राहते. आणि बघून झालं की होता तसाच ठेवा.

रात्री अतिनील बॅटरी घेऊन जा, अमावास्येच्या आसपास. विंचवाच्या कवचातली द्रव्यं अतिनील किरणांत हिरवट निळी चमकतात. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर किंवा दंडोबाच्या पायथ्याला अशी पहिली हिरवी खूण पेटलेली दिसते तेव्हा ती वाटते त्याहून बरीच जवळ असते, म्हणून आधी पायाखालची जागा बघा. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही; कवच घट्ट होईपर्यंत तो अंधारातच.

ओळखीचा ढोबळ नियम: चिमटे बारीक आणि शेपटी जाड तर जपून. चिमटे जाडजूड आणि शेपटी त्यामानानं बारीक तर विष सौम्य. तांबडा विंचू, हॉटेनटोटा टॅम्युलस, पहिल्या प्रकारातला. पिवळसर ते तांबूस, अंगावर केस, चिमटे सडपातळ. सरपणात, शेणी रचलेल्या कोपऱ्यात, कौलांत, दगडी गडग्यात राहतो. दुसऱ्या प्रकारात काळी इंगळी, आकारानं मोठी आणि दिसायला भयंकर. तिचा डंख दुखतो खूप, पण जिवावर सहसा बेतत नाही. पूर्वी सगळ्या इंगळ्यांना हेटेरोमेट्रस म्हणत. २०२० साली त्या वंशाची फोड झाली आणि आपल्याकडच्या बऱ्याच इंगळ्या डेक्कनोमेट्रस झाल्या. जुन्या पुस्तकातलं नाव आणि नवं नाव जुळलं नाही तर घाबरू नका, हे त्यामुळं.

पोटाखाली, पायांच्या मागं, दोन कंगवे दिसतात. ते फक्त विंचवालाच असतात आणि जमिनीवरचे वास, कंपनं टिपतात. डबीत घेतलेल्या विंचवाचा तळातून फोटो काढा: नराच्या कंगव्याचे दात मोठे, मादीचे लहान. विंचवीण अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, आणि विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण अगदी खरी आहे. फक्त ते बिऱ्हाड पहिली कात टाकेपर्यंतच. त्यानंतर पिल्लं आपापल्या वाटेनं जातात.

विंचू चावल्यावर काय करायचं, ते सविस्तर सांगतो. तांबड्या विंचवाचं विष शरीरात ताणाची रसायनं एकदम सोडतं आणि भार हृदयावर, फुप्फुसांवर येतो. भरपूर घाम, उलट्या, लाळ, हातपाय गार पडणं, छातीत धडधड, धाप, लहान मुलग्यांत लिंग ताठर होणं ही गंभीर लक्षणं. वेदना कमी आहेत म्हणून निर्धास्त राहू नये; ही लक्षणं वेदनेशिवायही येतात. दोरी आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठा. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात या विषबाधेत प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं; २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध डॉक्टरनंच द्यायचं, घरात आणून ठेवायचं नाही. मंत्रानं विंचू उतरतो असं अजूनही सांगतात. उतरतो तो बहुधा इंगळीचा, आणि तो मंत्राशिवायही उतरला असता.

पाचवी पायरी: भिंगाखालचे

पुन्हा द्राक्षाकडं येऊ. पान पिवळसर ठिपक्याठिपक्यांचं दिसू लागलं की एक पांढरा कागद धरून त्यावर पान झटका. ठिपके चालू लागले तर भिंग लावा. लांबट, सहा पायांचे असतील तर फुलकिडे. गोलसर, आठ पायांचे, पानाखाली बारीक जाळी करणारे असतील तर लाल कोळी, टेट्रानिकस. अंडं, सहा पायांचं पिल्लू, मग आठ पायांच्या दोन अवस्था आणि प्रौढ. कोरड्या उष्ण हवेत हा फेरा आठ-दहा दिवसांत पुरा होतो. नर-मादीचं मीलन झालं नाही तरी मादी अंडी घालते, त्यांतून फक्त नर निघतात. म्हणजे एकटी मादीसुद्धा वसाहत सुरू करू शकते. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीवरही हाच. फवारणीआधी त्याच पानावर जरा जास्त वेगानं पळणारे, चकचकीत, नासपतीच्या आकाराचे माइट दिसतात का ते पाहा. ते या कोळ्याला खाणारे परभक्षी. पायरेथ्रॉइड गटातली औषधं त्यांना आधी मारतात.

गोचीड गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून वाट बघत बसतं. पुढच्या पायांवरच्या खळग्यात त्याचं नाक असतं; श्वासातला कर्बवायू आणि अंगाची ऊब त्याला तिथून कळते. गुरांत गोचीड ताप, म्हणजे थायलेरिओसिस, हायलोमा गोचिडांमुळं पसरतो आणि संकरित गाईंना जास्त धरतो. माणदेशी खिलार त्यामानानं टिकते. अंगाला चिकटलेलं गोचीड काडीनं भाजू नका, रॉकेल लावू नका. बारीक चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ वर ओढा.

मृगाचा किडा तर सगळ्यांच्या ओळखीचा. पहिला दमदार पाऊस झाला की लाल मखमली अंगाचा हा माइट माळावर वर येतो, आणि काही दिवसांत परत जमिनीत जातो. लहानपणी तो कीटकांच्या अंगावर परजीवी म्हणून जगतो, मोठेपणी कीटकांची अंडी आणि वाळवी खातो. काडेपेटीत भरून शाळेत नेण्याचा उद्योग पिढ्यानपिढ्या चालत आलाय. मुलांना हातावर घेऊन पाय मोजू द्या आणि तिथंच सोडायला लावा.

कातीण अंगावरून गेली म्हणून फोड आले, असंही आपल्याकडं म्हणतात. असे फोड बहुतेक वेळा कोळ्याचे नसतात. एकाच बाजूला पट्ट्यानं आलेले, आधी आग होऊन मग उठलेले फोड नागिणीचे असतात. तो विषाणू आहे आणि पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झालं तर गुण चांगला येतो. पावसाळ्यात दिव्याभोवती आलेला बारीक, काळा-नारिंगी पीडेरस भुंगा मानेवर चिरडला गेला तरी भाजल्यासारखा चट्टा उठतो. कोळ्याला दोष देत बसण्यात हे तीन दिवस जातात.

क्वचित भेटणारे

सालीखाली किंवा जुन्या वहीत दोन-चार मिलिमीटरचा, चिमटे असलेला पण शेपटी नसलेला जीव दिसला तर तो खोटा विंचू. कीटकांचा पाय धरून तो प्रवास करतो. उंट-कोळी जत-माणच्या माळावर उन्हाळ्यात रात्री दिसतो. तो माणसामागं धावतो म्हणतात, पण धावतो ते तुमच्या सावलीकडं. त्याला विष नाही, सुळे मात्र जबर. घाटातल्या ओल्या दगडाखाली चाबकासारखी बारीक शेपटी असलेला विंचवासारखा प्राणी सापडला आणि हाताला शिरक्याचा वास आला तर तो चाबूक-विंचू. तो वास ॲसिटिक आम्लाचा, डोळ्यांना जपा. गुहेच्या भिंतीवर चपटा, पुढचे पाय धाग्यासारखे लांब करून चाचपडणारा तो ॲम्ब्लिपिगी. दोघेही निर्विष.

नोंद आणि नाव

चार फोटो काढायचे: वरून, समोरून डोळ्यांचा, बाजूनं, आणि डबीत घेऊन खालून. शेजारी पट्टी. वहीत तारीख, ठिकाण, झाड किंवा जमीन, जाळ्याचा आकार, जमिनीपासूनची उंची. जाळ्याचा वेगळा फोटो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना नेमकी जागा द्या, नुसतं सातारा जिल्हा लिहिलेल्या नोंदीचा उपयोग नाही. घाटमाथा आणि माण दोन्ही साताऱ्यातच येतात.

कोळ्यांच्या शास्त्रीय नावांची एक गंमत आहे. प्राण्यांची नावं १७५८ सालच्या लिनियसच्या कामापासून ग्राह्य धरतात, पण कोळ्यांना अपवाद मिळालाय: स्वीडनच्या कार्ल क्लर्कनं १७५७ साली दिलेली नावं मान्य आहेत. आजही बहुतेक कोळ्यांची जात प्रौढांच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून, सूक्ष्मदर्शकाखाली ठरते. फोटोवरून आर्जिओपे हा वंश बिनधास्त लिहा, जातीच्या जागी अनिश्चित लिहा.

आणि नमुने गोळा करू नका. कासला ठरलेल्या वाटेवरूनच चाला. फुलात दबा धरलेला खेकडा-कोळी वाटेच्या कडेच्या फुलांवरही सापडतो, त्यासाठी गालिच्यात शिरायची गरज नाही. सागरेश्वर अभयारण्यात, कोयना-चांदोलीत डबीसुद्धा बाहेर काढण्याआधी वनविभागाची परवानगी लागते. रात्रीची भटकंती तिथं नकोच. त्यासाठी आपल्या घरामागचा बांध, शेताची ताल किंवा गावाजवळचा माळ घ्या, आणि मालकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर मध्यरात्री उसाच्या कडेला जांभळी बॅटरी फिरताना बघून गाव काठ्या घेऊन येतं.